चौतिसावा नकाशा

माझ्या ताईच्या नवऱ्याने अठरा वर्षांत एका घराचे चौतीस नकाशे काढले आणि त्या घराची एक वीट हलवली नाही. मी हे कौतुकाने सांगते आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने पुढे वाचून आपला गैरसमज दूर करून घ्यावा.

भावोजी पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. आरेखक म्हणजे इंजिनीयर नव्हे. हे ते स्वतः कधी सांगत नसत, म्हणून मला सांगावं लागतं. इंजिनीयरने ठरवायचं आणि आरेखकाने कागदावर काढायचं. एकतीस वर्षं ते नळ काढत राहिले: कुठल्या रस्त्याखाली किती इंची नळ, कुठे वळण, कुठे व्हॉल्व. त्यांनी ओढलेली रेघ शेवटी जमिनीत पुरली जायची आणि वरून लोक चालत जायचे. माणसाला याचं वाईट वाटत असेलही. पण आपलं वाईट वाटणं बायकोच्या स्वयंपाकघरात आणून मांडायचं नसतं.

ताईचं घर शहराच्या जुन्या भागात आहे. समोरासमोरून दोन माणसं आली तर एकाने भिंतीला पाठ लावून उभं राहावं, एवढीच गल्ली रुंद. घर पुढून बारा फूट आणि मागे लांबच लांब गेलेलं. पुढे बसायची खोली, मग जिन्याची काळोखी खोली, आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे बाजूने उजेड यायचा प्रश्नच नाही. राहिली मागची भिंत. तिच्या पलीकडे वखारवाल्याची मोकळी जागा होती आणि तिथे दिवसभर लाकडांवर लख्ख ऊन पडलेलं असायचं. भिंतीच्या अलीकडे माझी ताई सकाळी दहा वाजता दिवा लावून भाजी चिरायची. कांदा लाल झाला की करपला, ते ती रंगावरून नाही, वासावरून ओळखायची. तांदूळ निवडायचे असले की ताट घेऊन घरभर चालत पुढच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची, आणि गल्लीतून जाणाऱ्यांसाठी दर दोन मिनिटांनी पाय आवरून घ्यायची.

तिला त्या मागच्या भिंतीत एक खिडकी हवी होती. दोन फूट रुंद, तीन फूट उंच. बंगला मागितला नव्हता तिने.

पहिल्याच नकाशात ती खिडकी होती, हे मी मान्य करते. माझी भाची तेव्हा चौथीत होती. भावोजींनी घरभर टेप लावून मापं घेतली, आठवडाभर रात्रंदिवस खपले आणि कागद टेबलावर पसरला. मी शिवणकाम करते, मला कापलेली रेघ कळते. रेघ खरोखर सुंदर होती. खिडकीला दोन झडपा दाखवल्या होत्या आणि शेजारी बारीक, रेखीव अक्षरात लिहिलं होतं: खिडकी, स्वयंपाकघर. ताईने हात पुसून तो कागद दोन्ही हातांनी धरला होता.

"गवंडी कधी सांगायचा?" तिने विचारलं.

"अगं, हा पहिला मसुदा आहे," भावोजी म्हणाले.

मी मात्र मूर्ख. घरी जाऊन दोन बाय तीनचा पडदा बेतला, शिवला आणि पुढच्या आठवड्यात नेऊन दिला. आम्ही शिंपी लोक असेच. माप मिळालं की कात्री चालवायची, हे आमच्या अंगात मुरलेलं असतं. माप घेऊन अठरा वर्षं नुसतं चघळत बसता येतं, ही विद्या मला भावोजींनी शिकवली.

दुसऱ्या नकाशात जिना फिरला. तिसऱ्यात भाचीसाठी अभ्यासाची खोली आली. पोरगी प्रत्यक्षात जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून अभ्यास करायची, कारण दिवा तिथेच होता. ती खोली मात्र नकाशांत चांगली सतरा वर्षं नांदली. पुढे भाची शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन गेली, आणि बत्तिसाव्या नकाशात त्याच खोलीवर "पाहुण्यांची खोली" असं लिहून आलं. आता ती पोरगी नवऱ्याला घेऊन येते तेव्हा दोघं बसायच्या खोलीत गादी टाकून झोपतात.

नवा नकाशा झाला की जुन्याचं काय करायचं, याची भावोजींची एक शिस्त होती, कचेरीतून आणलेली. लाल पेन्सिल घ्यायची, जुन्या कागदावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारायची, वर मोठ्या अक्षरात "रद्द" लिहायचं, खाली तारीख आणि सही. मग गुंडाळी करून ती खात्यातूनच आणलेल्या जाड नळाच्या तुकड्यात उभी ठेवायची. तो नळ बसायच्या खोलीच्या कोपऱ्यात असायचा. फेकायचं काही नाही, पण रद्द ते रद्द. चुकून जुन्या नकाशावर खणलं तर भलतीकडेच पाणी फुटतं, असं ते सांगायचे. खात्यात ते खरं असेल. घरात कोण खणत होतं?

उलट घरात कुणी बोट लावायची सोय नव्हती. न्हाणीची फरशी फुटली, तिच्यात पाय अडकून ताई दोनदा पडली. भावोजी म्हणाले, "आता कशाला डागडुजी? तोडायचंच आहे." जिन्याखालचा गिलावा पोपडे धरून गळायला लागला. "तोडायचंच आहे." पुढचं दार फुगून बसलं आणि खांद्याने रेटल्याशिवाय लागेना. "बदलायचंच आहे." स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत खिळा ठोकायलासुद्धा बंदी होती, कारण तिथे खिडकी येणार. खिडकीसाठी मोकळ्या ठेवलेल्या त्या भिंतीपाशी अठरा वर्षं ताईची चाळणी, झारे, पकड सगळं खाली टोपलीत पडून असायचं, आणि ती दरवेळी कमरेत वाकून ते शोधायची.

शिवाय घरभर जमिनीवर खडूच्या रेघा. नव्या भिंती कुठे येणार ते कळावं म्हणून. पाहुणा येऊन टेकला की भावोजी हसत म्हणणार, "तुम्ही आत्ता न्हाणीघरात बसलात बरं का." पाहुणा बिचारा उठून खुर्ची सरकवायचा. "आता जिन्यात आलात." लोक हसायचे, ताईसुद्धा हसायची, आणि मला तिचाही राग यायचा. गल्लीत त्यांचं नाव आराखडेबुवा पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, मनातून आवडायचंही.

एवढं सगळं असूनही घरात भांडण म्हणाल तर नाही. भावोजी वाईट माणूस नव्हते. आवाज चढवायचे नाहीत, पिणं नाही, बाहेरचं काही नाही. म्हणून तर कुणाला त्यांच्याविरुद्ध चकार शब्द काढता यायचा नाही. मी काही बोलायला लागले की ताई म्हणायची, "असू दे गं. त्यांचा जीव रमतो त्यात." तिचा जीव कुठे रमायचा, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी मात्र वखारवाला आपणहून घरी आला. वखार बंद करून त्या मोकळ्या जागेवर तो मुलांसाठी घर बांधणार होता. माणूस सरळ. चहा घेतला आणि म्हणाला, "वहिनी, तुमची खिडकीची गोष्ट मी कित्येक वर्षं ऐकतोय. करायची असेल तर आत्ता करा. पंधरा दिवसांत पालिकेचा ओव्हरसियर जागा बघायला येणार आहे. आपल्या या भागाचा नियम तुम्हाला माहीतच आहे. भिंतीत खिडकी असली तर मला चार फूट सोडायला लागतात. नसली तर मी भिंतीला भिंत लावणार. मग तुम्हाला कधीच काही करता यायचं नाही."

तो गेल्यावर ताईने मला निरोप पाठवला. मी धावतच गेले. जाताना गवंड्यालाही घेऊन गेले. त्याने भिंतीवर बोटं वाजवली आणि सांगितलं, "दोन दिवसांचं काम. बुधवारी येतो. गुरुवारी उजेड." आमचं तिघांचं ठरलंसुद्धा. भावोजी तेव्हा बाजारात गेले होते. पण गवंडी जायला निघाला आणि ताईचं तोंड उतरलं. "त्यांना विचारल्याशिवाय कसं फोडायचं?" मी म्हटलं, "विचारू नकोस, सांग." संध्याकाळी तिने त्यांना विचारलंच.

भावोजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. टेबलावर वाकलेले. जेवायला हाक मारली तर "आलो" म्हणायचे आणि येत नसत. मला, खोटं कशाला बोलू, आशा वाटली. म्हटलं, आता तरी पाण्यात पाय घालतील. बुधवारी सकाळी गवंडी घमेलं-थापी घेऊन दारात उभा, आणि भावोजींनी चौतिसावा नकाशा उलगडला.

"खिडकी कशाला पाहिजे?" ते म्हणाले. डोळे नुसते चमकत होते. "उजेड हवाय ना? मग स्वयंपाकघरच पुढे आणतो. गल्लीकडे. बसायची खोली मध्ये. मागे कोठी. कोठीला उजेड लागत नाही. सगळा प्रश्नच मिटला!"

गवंड्याने नकाशा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे नळ, मोरी, जिना, सगळंच हलवायचं?"

"अर्थात. टप्प्याटप्प्याने."

"मग आज काय फोडू?"

"आज काही नाही. तपशील व्हायचेत."

गवंडी घमेलं उचलून निघून गेला. भावोजींनी लाल पेन्सिल काढली आणि तेहतिसावा रद्द केला. तारीख टाकली, सही केली, गुंडाळी करून नळात टाकली. मी तिथेच उभी होते. पेन्सिल हिसकावून घ्यावी असं फार मनात आलं. घेतली नाही.

पुढच्या सोमवारी ओव्हरसियर आला. ताईने बोलावलं म्हणून मीही हजर होते, आणि वखारवाला होताच. ओव्हरसियर घाम पुसत स्वयंपाकघरात शिरला, दिव्याच्या उजेडात मागची भिंत वरून खाली बघितली आणि म्हणाला, "खिडकी नाहीये."

"करायची होती हो," ताई म्हणाली. "करायचीच होती."

ओव्हरसियरने वखारवाल्याकडे पाहिलं. "तुमची काय हरकत?"

"माझी कसली हरकत? वहिनींना उजेड मिळाला तर माझं काय जातंय? चार फूट सोडतो की. फक्त कागदावर पाहिजे, नाहीतर उद्या माझी पोरं विचारतील का सोडले म्हणून."

"मग सोपं आहे," ओव्हरसियर म्हणाला. "घर सुधारायचा तुमचा नकाशा तयार असेल आणि त्यात खिडकी दाखवलेली असेल, तर मी ती धरतो. प्रस्तावित म्हणून. तयार आहे का नकाशा?"

तयार आहे का! अठरा वर्षांत त्या घरात दुसरं काय तयार झालं होतं? ताईने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. मला हसू आलं. म्हटलं, देव आहे. या माणसाचा सगळा वेडेपणा आज एका झटक्यात कारणी लागतोय.

आम्ही सगळे बसायच्या खोलीत आलो, आणि भावोजींनी चौतिसावा पुढे केला.

ओव्हरसियरने तो टेबलावर पसरून बघितला. "यात मागे कोठी आहे. खिडकी कुठंय?"

"नाही. स्वयंपाकघर पुढे घेतलंय," भावोजी अभिमानाने म्हणाले.

"आधीचा एखादा असेल ना?"

भावोजींनी तोंड उघडायच्या आत ताई कोपऱ्यातल्या नळापाशी पोचली होती. सगळ्यात वरची गुंडाळी तिने ओढून काढली. "हा घ्या साहेब. यात आहे. सगळ्यांत आहे, फक्त त्या चौतिसाव्यात नाही."

भावोजींनी तिच्या हातातून ती गुंडाळी काढून घेतली. "तो रद्द आहे."

"असू द्या," ओव्हरसियर म्हणाला. "खिडकी आहे ना? सही आहे ना?"

"सही आहे म्हणूनच. रद्द केलेला कागद बाहेर द्यायचा नसतो. एकतीस वर्षांत एकदाही दिला नाही."

"अहो, तुमच्या घरचाच आहे."

"घरचा असला म्हणून काय झालं?"

ओव्हरसियरने खिशातलं पेन काढलं आणि चौतिसाव्या नकाशावर ठेवलं. चांगला माणूस होता तो. "मग यावरच काढा. दोन रेघा मारा आणि लिहा खिडकी. मी थांबतो."

"पेनाने?" भावोजींनी असं तोंड केलं की जणू त्याने ताटात चप्पल ठेवली. "खिडकी आली म्हणजे वर तुळई आली, कोठीच्या फळ्या हलल्या, छेद बदलला. असं नसतं करता येत. पस्तिसावा काढतो. परवा या."

"परवा कसं? माझा अहवाल आज दुपारी जातोय."

तेव्हा ताई बोलली. हळूच बोलली, पण मी तिला इतक्या वर्षांत असं बोलताना ऐकलं नव्हतं. "काढा ना हो दोन रेघा. माझ्यासाठी."

भावोजी तिच्याकडे न बघताच म्हणाले, "तुला यातलं कळत नाही."

ओव्हरसियरने घड्याळ बघितलं. मग पेन खिशाला लावलं आणि चौतिसावा नकाशा घडी करून फायलीत घातला. घडी करताना भावोजींना त्रास झाला, ते मला दिसलं. "अक्षर मात्र छापल्यासारखं आहे तुमचं," ओव्हरसियर म्हणाला. बहुधा काहीतरी बरं बोलायचं म्हणून.

"एकतीस वर्षं, साहेब," भावोजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला. खरोखर खुलला. बायको मागे भिंतीला टेकून उभी होती आणि या गृहस्थाला अक्षराचं कौतुक झाल्याचा आनंद झाला होता. तो चेहरा मी विसरणार नाही, आणि विसरायची माझी इच्छाही नाही.

मी त्यांना एवढी नावं ठेवते, पण त्या खोलीत मीही होते. माझ्या तोंडाला कुलूप नव्हतं. पेन उचलून दोन रेघा मला मारता आल्या असत्या. मी रोज कापडावर पन्नास मारते. पण भावोजींचा मान, ताईचा संसार, चारचौघांत कसं बोलायचं, हे सगळं माझ्याही डोक्यात होतं. म्हणून मी ताईचा हात धरून उभी राहिले. दुसरं काही केलं नाही.

वखारवाल्याने पावसाळ्याआधी भिंत उभी केली. तीन आठवडे ताईच्या स्वयंपाकघरात पलीकडून थापीचे आवाज यायचे. आधी पायाशी, मग ओट्याच्या उंचीला, मग डोक्याच्या वर. ती भाजी चिरता चिरता ऐकायची. मग एक दिवस आवाज थांबला. भावोजी पस्तिसाव्या नकाशाचे तपशील करत होते. स्वयंपाकघर पुढे आणण्यात मोरीच्या उताराची अडचण येत होती म्हणे.

त्यानंतर आठवड्याभराने मी एक शिवलेला झगा द्यायला त्या बाजूला गेले होते, म्हणून ताईकडे डोकावले. ताई स्वयंपाकघरात स्टुलावर उभी. एका हातात हातोडी, तोंडात खिळा. मागची भिंत तिच्यासमोर कोरी करकरीत, अठरा वर्षं कुणी बोट न लावलेली. तिने खिळा टेकवला आणि घाव घातला. पहिला घाव चुकला, गिलाव्याचा टवका उडाला. दुसरा बसला.

आवाज ऐकून भावोजी बाहेरच्या खोलीतून चष्मा कपाळावर चढवत आले. "अगं, अगं! काय करतेस? ती भिंत तोडायचीय ना!"

ताईने मागे वळून बघितलंच नाही. "आता ती कोण तोडणार?" ती म्हणाली. "आणि तोडून काय दिसणार?"

तिने आणखी दोन घाव घातले, खिळा हलवून पाहिला, मग वाकून टोपलीतून चाळणी काढली आणि त्याला अडकवली. स्टुलावरून उतरली, दिवा लावला. सकाळचे अकरा वाजले होते. कांदा घेतला आणि चिरायला बसली.

भावोजी जवळ येऊन त्या खिळ्याकडे निरखून बघायला लागले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले. माझ्याकडे वळून हात पुढे केला.

"मेहुणीबाई, तुमची टेप द्या जरा. खिळा जमिनीपासून किती उंचीवर आलाय, ते नकाशात घ्यायला हवं."

माझ्या गळ्यात नेहमीप्रमाणे टेप लोंबकळत होती. मी ती काढली, नीट गुंडाळली, पिशवीत टाकली आणि ताईशेजारी कांदा चिरायला बसले.